मुठीतली सरकी

६ ऑगस्ट, बुधवार

आज यांच्या हातातून चहाचा पेला सुटला. पेला खाली पडला तरी बोटं तशीच, पेला धरल्यासारखी वाकलेली. दोघंही त्या बोटांकडे पाहत राहिलो. मग हे म्हणाले, "गरम होता."

गरम नव्हता. माझा त्याच पातेल्यातला.

गावाबाहेरच्या बंद जिनिंगची, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, काँक्रीटची जमीन फोडायचं काम घेतल्यापासून असं आहे. दिवसभर हवेवर चालणारा तो ब्रेकर. घरी आले तरी कानात तोच आवाज, मी बोलते ते अर्धं ऐकू येत नाही. एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येतो, म्हणून मग एकदाही सांगत नाही. लेक ऊर्मी हैदराबादला शिकायला गेली. घरात माझी शिलाई मशीन तेवढी बोलते.

८ ऑगस्ट

डबा घेऊन जिनिंगवर गेले. यांना काम करताना आज प्रथमच नीट पाहिलं. ब्रेकरवर पोट टेकवून, सगळं अंग टाकून दाबतात. गाल थरथरतात. डोळे कुठेतरी लांब. मी समोर उभी होते, दिसलेच नाही.

जोडीदार गंगय्या कॉम्प्रेसरजवळ सावलीत बसलेला. त्यालाही ब्रेकर चालवता येतो.

जेवताना विचारलं, "त्याच्याकडे काऊन देत नाही थोडा वेळ?"

"एकदा हातातून सोडलं का मेस्त्री त्यालेच देते. मंग मी काय मलबा उचलू?"

पोळीचा घास यांना नीट तोडता येत नव्हता. मी तोडून ठेवले, बोलता बोलता, लक्षात येऊ नये असे.

१० ऑगस्ट, रविवार

जुन्या लुगड्याचे थर घेतले, मधे कापूस भरला, गोधडीसारखे टाके घातले. ब्रेकरच्या दोन्ही मुठींवर चढवायची खोळ. नाडीने आवळून बांधायची. हादरा कापसात जिरेल, हाताला कमी लागेल.

यांनी हात फिरवून पाहिला. "मऊ हाय."

किती दिवसांनी माझ्या शिवणाला काही म्हणाले. नंतर भांडी घासताना वाटलं, मऊ आहे हे हाताला कळलं, की नुसतं पाहून?

१२ ऑगस्ट

शर्टाची बटणं मी लावून देते आता. मनगटापासून कोपरापर्यंत दोरी पिळल्यासारखं झालं आहे. खोळ लावल्यावर तरी बरं वाटतं का, विचारलं. "हो, हो. मस्त हाय."

जिनिंगच्या फरशीखालच्या फटींतून अजून जुनी सरकी निघते. यांच्या खिशात सापडली. एक खेळ केला. "डोळे मिटा." तळहातावर सरकी ठेवली.

"जवारी."

"नाही. पुन्हा सांगा."

यांनी डोळे उघडून पाहिलं. सरकीवर लव असते, जवारी गुळगुळीत. लहान पोरालाही कळेल. हसले. "माह्या हातात पेरा करतं काय अवं?"

मीही हसले. मग उठून आत गेले.

१४ ऑगस्ट

आदिलाबादला डॉक्टरकडे. त्यांनी बोटांची पेरं दाबून पाहिली. पांढरी पडली, रंग परत यायला वेळ लागला. हादऱ्यानं नसा, रक्ताच्या वाहिन्या दमल्या आहेत म्हणाले. काही दिवस काम बंद. नंतरही सलग नको, मधे मधे दुसऱ्याला द्यायचं. दाबायचं नाही, मशीनचं वजन मशीनला करू द्यायचं. मूठ सैल. जितकी घट्ट धराल तितका हादरा अंगात जास्त.

"परत येईल का सगळं?" मी विचारलं.

"आत्ताच सांभाळलं तर येऊ शकतं."

बसमध्ये हे खिडकीशी. आमच्या नेरडीगोंड्याला उतरताना म्हणाले, "काम बंद ठेवलं तर ब्रेकर गंगय्याचा झाला समज."

१६ ऑगस्ट

कामावर गेलेच.

१८ ऑगस्ट, सोमवार

डबा घेऊन पोचले तेव्हा मशीन बंद होती, हे हात धुवायला गेले होते. ब्रेकरची मूठ धरून पाहिली. माझी बोटं खोळीवरून पलीकडे पोचतच नाहीत. निसटू नये म्हणून सगळा जोर लावून आवळावी लागते. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट. मीच शिवलेली.

गंगय्या हसला. "क्या वदिना, नौकरी लगी क्या?" तेलुगूत वहिनीला वदिना म्हणतात.

मी डब्याच्या पिशवीतली कात्री काढली, नाडी कापली. तेवढ्यात हे आले.

"काऊन काढून राह्यली?"

"हिच्यानं जास्त दुखत होतं ना तुमाले?"

डबा उघडता उघडता, "दुखत होतं. पण तू शिवली होती ना."

कापूस घरी आणला आहे. ट्रंकेवर पडला आहे. ठेवून द्यायचा की फेकायचा, ठरत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी. आपल्याकडे बैल नाहीत, म्हणून शेजारच्यांच्या गोठ्यात गेले. पळसाच्या पानानं खांद्यांना तूप-हळद लावली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. बैलाच्या खांद्यावर जू घासून झालेला घट्टा. हात बराच वेळ तिथेच राहिला.

वाटीत उरलेलं घरी आणलं. कोमट केलं. हे ओसरीत बसले होते. आधी खांद्याला लावलं, मग मनगटांना.

"मी बैल हाव काय?"

"बैल असते तर बरं होतं. एकट्या बैलाले कोणी वखराले जुंपते काय?"

यांनी हात काढून घेतला नाही. हळद बोटांच्या खाचांत बसली.

२२ ऑगस्ट

पोळा. काम बंद. यांनी पुरणपोळी दोन्ही हातांनी खाल्ली, मी तोडून दिली नाही. ऊर्मीचा फोन. "बाबा कसे आहेत?" "झोपले." जागे होते.

२५ ऑगस्ट, सोमवार

घरातून ब्रेकर ऐकू येतो. आता यांच्या हातचा आवाज मला ओळखू येतो. दाबलेला, मधेच गुदमरलेला. आज थांबला. माझी सुई ब्लाउजमध्ये तशीच. पुन्हा सुरू झाला तेव्हा आवाज मोकळा होता, लांब लांब. दुसऱ्या कोणाचा. मग थोड्या वेळानं यांचा. मग पुन्हा तो.

संध्याकाळी विचारलं, "मेस्त्री काय म्हणला?"

"काई नाई. पाहू म्हणला." मग, "गंगय्याबी दाबतेच जास्त. त्याले सांगा लागते."

"डोळे मिटा," मी म्हटलं. तळहातावर ठेवली.

बोटं हळूच मिटली. अंगठा फिरला. किती तरी वेळ फिरत राहिला.

"सरकी."

सरकीच होती. नंतर, अंगणात आल्यावर ध्यानात आलं की यांनी डोळे मिटले होते का, ते मी पाहिलंच नाही. मी हाताकडेच पाहत होते.

मी आत गेले, पण विचारलं नाही. यांची मूठ अजून मिटलेली होती.