पलीकडच्या काठावरची माझी जागा

चि. अलोयझी यास मोठ्या बहिणीचे, म्हणजे हर्मिनाचे, अनेक आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे ते विचारत नाही, कारण परवा खिडकीत उभं राहून खोकताना मी तुला इथूनच पाहिलं. पडदे धुवायला झालेत, हे फिलोमेनाला सांग. आपल्या खिडक्यांच्या मध्ये एक ओल्झा नदी, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. पण हे पत्र आधी आमची राजधानी प्राग बघणार, मग तुमची वॉर्सा बघणार आणि तीन आठवड्यांनी तुझ्या दारात येणार. (मी जन्मात दोन्ही पाहिली नाहीत. माझी पत्रं माझ्याहून जास्त फिरली आहेत.)

आपण लहान होतो तेव्हा गाव एकच होतं आणि बादशहाही एकच. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तो बरा वाटायचा. मग पहिल्या महायुद्धानंतर दूर कुठेतरी चार शहाणे बसले आणि त्यांनी नदीलाच सरहद्द करून टाकलं. घरी ज्यांना पाव धड कापता येत नसेल, त्यांनी गाव कापलं. आमच्या वाट्याला रेल्वे स्टेशन आलं, तुमच्या वाट्याला चर्च, बाजार आणि कबरस्तान. म्हणजे निघून जायची सोय आमच्याकडे आणि मरायची तुमच्याकडे. माझा फर्डिनांड पुलावरून ट्राम चालवायचा. सरहद्द आली, ट्राम बंद पडली आणि तो उरलेला जन्म पुलाकडे पाठ करून बसला. मेल्यावर मात्र पूल ओलांडून गेला, कारण त्याचे आईवडील तिथेच पुरलेले. तेव्हा एवढी कटकट नव्हती. त्याच्या थडग्याच्या दगडावर नाव कोरताना पाथरवट म्हणाला, बाई, तुमचंही नाव आताच कोरतो, मरणाचं साल तेवढं मागाहून घालू. आपल्याकडे सगळ्याच विधवा तसं करतात, मीही केलं. आता दगडावर नाव आहे, खाली जागा आहे, फक्त मी या काठावर अडकले आहे.

यंदा नोव्हेंबरात, सर्व संतांच्या सणाला मला एका दिवसाचा पास मिळाला. कबरींवर लावायला मेणबत्त्या घेऊन आले, चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसले. दरवर्षीसारखा पाद्री प्रार्थनेसाठी गेलेल्यांची नावं वाचू लागला. आई, बाबा, फर्डिनांड आणि मग अगदी स्वच्छ आवाजात, हर्मिना! मी उभी राहिले. म्हटलं, "अहो, मी इथे बसलेय!" तर म्हणतो कसा, "बसा आजी, नावं संपू द्या." तुझ्या या फिलोमेनानं माझी बाही ओढली. "वन्सं, मीच दिलं नाव. तुमच्याकडची बातमी यायला तीन आठवडे लागतात. नोव्हेंबर हुकला तर वर्षभर तुमच्या आत्म्याला कोण विचारणार?" आणि तू, अलोयझी, खाली मान घालून प्रार्थना म्हणत होतास. माझ्यासाठी! मोठ्यानं! मला फार राग आला, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

परतताना पुलावरच्या शिपायाला विचारलं, मी मेल्यावर मला पलीकडे नेतील का रे? पोरगेलासा होता, पण भला. "आजी, जिवंत माणसाला सणापुरता पास मिळतो. मेलेल्याला दोन्ही सरकारांची परवानगी लागते, आणि ती कुणाला मिळालेली मी अजून पाहिली नाही." आमच्याकडे स्टेशनमागे नवं कबरस्तान झालंय म्हणे. तिथे मी ओळखते कुणाला? दिवसभर मालगाड्यांचा खडखडाट. फर्डिनांडशेजारी चाळीस वर्षं निजले, आता तिथे परक्यांत निजायचं जिवावर येतं.

बाकी इकडे सर्व क्षेम.

तुझी,
हर्मिना

ता. क. खरं काम राहिलंच. जिवंत माणूस नेणं सोपं, तर पुढच्या सणाला मी जिवंतच येते आणि परत जात नाही. (कुणी हटकलंच, तर म्हणावं, चर्चमध्ये विचारा, ही बाई मेलेली आहे.) फिलोमेना बटाटे ठेवते ती मागची खोली मला दे. बटाटे काढले नाहीत तरी चालेल. तुझं हो असेल तर पत्र नको, खिडकीवर लाल रजई टाक. मी इथून बघेन.

ता. क. दुसरा. आज सकाळी पडदा सारला तर तुझ्या खिडकीवर लाल रजई! खुर्चीत बसून ढसाढसा रडले रे मी. डोळे पुसून टेबलाकडे पाहिलं, तर हे पत्र तिथेच, तिकीट लावायचं राहिलेलं. तुम्ही नुसतं अंथरूण हवेवर टाकलं होतं. अलोयझी, पत्र हाती पडेपर्यंत ती रजई तेवढी आत ठेव.