वहीतून फाडलेलं पान

मंगळवार, १४ तारीख

ती. ताईस,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुमच्या शेजारच्या काकूंच्या हाती देतेय. मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण कुठली मजा! भावोजींच्या हातांच्या पट्ट्या कधी निघणार? जेवण तू भरवतेस का? विचारायचं खूप आहे आणि मला तोंड नाही.

परवा अकरा वाजता कारखान्यात चौकशी आहे. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने नवी पावडर रंगाच्या टाकीत एकदम ओतली, "तापते ती!" असं ओरडत भावोजी धावले, टाकी उसळली, त्याला मागे ओढताना ते भाजले. हे सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना खुपतंय ते वेगळंच. "पावडर तापते हे तुम्हाला माहीत होतं, तर वहीत का लिहिलं नाहीत?" भावोजी गप्प. ही कबुलीच समजून त्यांना घरी बसवणार आहेत.

ती चुकांची वही माझी कल्पना. कंपनीने मला जुन्या कामगारांच्या डोक्यातलं कागदावर उतरवायला ठेवलं, तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे यांनी घाम गाळायचा आणि हिने अक्षर गिरवायचं!" किती हसलो होतो. पण वही चालली गं. माल पुरवणारे वर्षात दोनदा बदलायचे. दरवेळी काय बिघडलं ते कोणी ना कोणी बिनधास्त लिहायचं, नाव टाकायची सक्ती नव्हती. पुढचा वाचून सावध व्हायचा.

मग वरून फर्मान आलं, ज्या विभागाच्या वहीत चुका कमी, त्याला बक्षीस. आणि एवढी शिकलेली मी, वाहवत गेले.

ताई, आता आडून आडून बोलत नाही. भावोजींनी लिहिलं होतं. तारीख घालून, सही करून: "नवी पावडर दमट हवेत तापते. थोडी थोडी टाका." मीच म्हटलं, "अहो भावोजी, चार दिवस थांबा ना, बक्षीस होऊ दे, मग लिहू." ते म्हणाले, "हे बरं नाही हं." पण मेहुणीचा हट्ट! पान फाडून त्यांनी माझ्या हातात दिलं. बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या, पान माझ्या कपाटातच राहिलं. त्या ऑपरेटरने पावडर ओतण्याआधी वही उघडून बघितली होती गं. त्याला काहीच सापडलं नाही.

माझं नाव येऊ नये म्हणून भावोजी तोंड मिटून बसलेत. तुलाही बोलले नसतील. मला स्वतःची शरम वाटते.

परवा मीच सांगणार आहे. पण मी मला ओळखते. साहेबांनी डोळे वटारले की माझी बोबडी वळते. म्हणून ते पान या पाकिटात घातलंय. झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही. तू ते घेऊन ये. मी कचरले, तर माझ्यादेखत टेबलावर ठेव आणि माझं नाव घे.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क परवानंतर मागेन.

धाकटी