पुतळ्याचा उजवा कान

वाल्देपिनो, ९ जानेवारी १९८४

ती. विसेन्ताताईस,
सा. न. वि. वि.

तुझी नाताळची बदामाची वडी पोचली. एलिसेओची एक दाढ तीत गेली, पण वाईट वाटून घेऊ नकोस. ती काढून घ्यायला तो पुढच्या वर्षी जाणारच होता. आम्ही पाठवलेला हॅम चिमोभावजींना आवडला की नाही ते तू कळवलं नाहीस.

आता खाली बस आणि मग पुढचं वाच. मार्चमध्ये फायासच्या सणाला आम्ही दोघं व्हॅलेन्सियाला येतोय. होय, एलिसेओसुद्धा. लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी दर वर्षी विचारते आणि दर वर्षी तो पुढच्या वर्षी नक्की म्हणतो. या वेळी मी तो आरशासमोर दाढी करत असताना विचारलं. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे त्याला बोलता आलं नाही, आणि मी तो होकार धरला. त्याने तोंड पुसेपर्यंत पुतण्या पाउलिनो तिकिटं काढायला निघालासुद्धा होता.

मेंढ्यांकडे पाउलिनो बघेल. तीन वर्षांपूर्वीसारखं होऊ द्यायचं नाही. आठवतं ना, स्टेशनापर्यंत आलो होतो, हा बॅगेवर बसला, पाउलिनोने फोटो काढला, आणि गाडी यायच्या आत निरोप आला की मेंढी व्यायला झाली. तो फोटो मी तुला पाठवला होता, मागे 'पुढच्या वर्षी नक्की' असं लिहून.

ताई, मला फक्त त्याच्याबरोबर समुद्र बघायचाय. मी लहानपणी बाबांबरोबर बघितला. हा पासष्टीला आला तरी अजून नाही. त्याच्या मते समुद्र म्हणजे पलीकडचा काठ नसलेलं तळं, आणि काठच नाही तर बघायचं काय. मला तो त्या पाण्यासमोर उभा राहिलेला बघायचाय. एवढं झालं की माझं दुसरं मागणं नाही.

तुझा लोभ मार्चपर्यंत जपून ठेव, समक्ष येऊन घेऊन जाईन.

तुझी,
रेमेदिओस


व्हॅलेन्सिया, २० जानेवारी १९८४

चि. रेमेदिओस हिस,
अनेक आशीर्वाद.

हॅम चिमोला फार आवडला. एवढा की मला त्याबद्दल मत देता येत नाही.

तुम्ही येणार हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण मार्चचा नीट विचार केलास का? फायासमध्ये रोज दुपारी दोन वाजता चौकात एवढी दारू उडवतात की खिडकीच्या काचा हलतात. एलिसेओला शांततेची सवय. शिवाय मार्चमध्ये वारा असतो. शिवाय आम्ही घराचं रंगकाम काढलंय. चिमो तर त्याच्या पुतळ्यांच्या कारखान्यातच जेवतो आणि झोपतो. आमच्या तारोंजर गल्लीच्या मंडळाने यंदा त्याला मोठ्या देखाव्याचं काम दिलंय, तेव्हा तो कुणाशी धड बोलणार नाही.

मे महिन्यात या. समुद्र तोच असतो, उलट मेमध्ये जरा ऊबदार असतो. फायास काय, एक पाहिले की सगळे पाहिल्यासारखेच.

रागावू नकोस. रागावलीस तर तसं कळव, म्हणजे पुढचं पत्र मोठं लिहीन.

तुझी ताई,
विसेन्ता


वाल्देपिनो, २८ जानेवारी १९८४

ती. विसेन्ताताईस,
सा. न. वि. वि.

मोठं पत्र लिही.

मे महिन्यात या म्हणजे पुढच्या वर्षी या. ते मला घरबसल्या ऐकायला मिळतं, त्यासाठी व्हॅलेन्सियाहून पत्र यायची गरज नाही. घराला रंग तुम्ही गेल्या उन्हाळ्यात दिलात. लोण्यासारखा पिवळट, आणि चिमोभावजींना तो आवडला नाही, असं तूच लिहिलं होतंस. आम्ही गावंढळ म्हणून शेजाऱ्यांसमोर तुला संकोच वाटत असेल तर सरळ सांग. मला वाईट वाटेल, पण ते मी पचवीन. तुझ्या सबबी मात्र पचत नाहीत.

तुझ्या पत्रातलं फक्त वाऱ्याचं वाक्य मी एलिसेओला वाचून दाखवलं. चूक झाली. तेव्हापासून तो रोज सकाळी दारात उभा राहून वारा बघतो आणि मान हलवतो. ताई, ही तिकिटं परत केली तर तो आयुष्यात पुन्हा निघणार नाही.

लोभाचं काय ते तूच ठरव.

रेमेदिओस


व्हॅलेन्सिया, ६ फेब्रुवारी १९८४

चि. रेमेदिओस हिस,
अनेक आशीर्वाद, आणि जरा धीर धरून वाच.

तुझी मला लाज वाटेल का गं? मला माझ्या नवऱ्याची लाज वाटते आहे. यंदाच्या देखाव्याचा विषय आहे देशातली दिरंगाई. खड्डे बुजवायचं वचन देणारे नगरसेवक, बंद खिडकीमागे झोपलेला कारकून, असे बरेच पुतळे आहेत. पण सगळ्यांच्या वर, दोन पुरुष उंचीचा, एक माणूस बॅगेवर बसलाय. समोरून भरलेली गाडी चाललीये आणि हा बसूनच आहे. टोपीत चिमणीने घरटं केलंय. बुटापासून बॅगेपर्यंत कोळ्याचं जाळं. हातात पाटी, 'पुढच्या वर्षी नक्की'. तोंड कुणाचं ते मी लिहीत नाही. फोटो तू पाठवला होतास.

मी परवा डबा द्यायला कारखान्यात गेले तेव्हा मला कळलं, तोवर रंगसुद्धा वाळला होता. चिमोला मी काय काय बोलले ते कागदावर मावणार नाही. त्याचं म्हणणं, एलिसेओ कधी येणारच नाही, तर त्याला कळणार कुठून. मंडळाला तो पुतळा इतका आवडलाय की आता काढता येत नाही. एकोणीसला, सेंट जोसेफच्या रात्री, रिवाजाप्रमाणे सगळं जाळेपर्यंत चार दिवस अख्खं शहर तो बघणार.

समाधान एकच. चिमोचं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं आहे. खेचराने एलिसेओच्या डाव्या कानाचा तुकडा तोडला होता ना, याने तो उजव्याचा तोडलाय. म्हणजे काटेकोर बघितलं तर तो एलिसेओ नाही.

आता तूच सांग काय करू. माझ्यावर राग असेल तर असू दे, पण बोलणं सोडू नकोस.

तुझी ताई,
विसेन्ता


वाल्देपिनो, १४ फेब्रुवारी १९८४

ती. विसेन्ताताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मी गोठ्यात जाऊन वाचलं आणि तिथेच बसून इतकी हसले की मेंढ्या कोपऱ्यात सरकल्या. मग हसू थांबलं.

तुला एलिसेओ माहीत आहे. तो चिडत नाही, आदळआपट करत नाही. तो गप्प होतो आणि त्या दाराने पुन्हा जात नाही. आमच्या न्हाव्याने त्या कानावरून एकदा काहीतरी म्हटलं होतं. तेव्हापासून इतकी वर्षं त्याचे केस मीच कापते. या पुतळ्यात त्याने स्वतःला ओळखलं तर तो तुझ्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि एकटीने येण्याची हिंमत माझ्यात नाही. म्हणजे तू आणि मी फक्त कागदावरच्या बहिणी उरू.

तरीही आम्ही येतोय. न येण्याची सबब आम्हीच शोधायला लागलो तर तो पुतळा खरा ठरेल. मी त्याला दुसऱ्या गल्ल्यांमधून फिरवीन, आणि तिथून जावंच लागलं तर वर आकाशात काहीतरी दाखवीन. तुम्ही कुणी यातलं काही त्याच्या कानावर घालू नका, डाव्या किंवा उजव्या.

आणि हुबेहूब झालाय का, ते कळव. चिमोभावजींना माझा नमस्कार सांग, पण लगेच नको.

लोभात खंड नाही, फक्त जरा गाठ पडली आहे.

तुझी,
रेमेदिओस


वाल्देपिनो, २४ मार्च १९८४

ती. विसेन्ताताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? आम्ही यायच्या आदल्या दिवशीच तू जिन्यावरून घसरावंस आणि पाच दिवस चौथ्या मजल्यावर अडकून पडावंस, हे माझ्या नशिबातच होतं. तुझ्यापाशी बसून सगळं सांगायचं होतं, पण तुझं घर लहान आणि एलिसेओ सगळ्या खोल्यांत असायचा. म्हणून आता लिहिते.

तारोंजर गल्ली टाळायची असं ठरवलं होतं. पण तुझ्या घरातून कुठेही जायचं तर तीच वाट. पहिल्यांदा जाताना मी त्याला चर्चचं घंटाघर दाखवलं. दुसऱ्यांदा कबुतरं. तिसऱ्यांदा वर दाखवण्यासारखं काही सापडेना, तेव्हा कुणाचेतरी वाळत घातलेले पायजमे दाखवले. चौथ्यांदा तो थांबला.

ताई, पुतळा हुबेहूब आहे.  एलिसेओ टोपी मागे सरकवून वर बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला की हा तर आपल्या गावचा महापौर सिप्रियानो, व्हॅलेन्सियापर्यंत त्याची कीर्ती पोचली म्हणायची. आणि हसला. मी देवाचे आभार मानले आणि कान उजवा केल्याबद्दल चिमोभावजींचेही मानले.

बाकीच्यांनी मात्र ओळखलं. एक बाई पुतळ्याकडे बघे, याच्याकडे बघे, मग तिने नवऱ्याला हाक मारली. मंडळाच्या लोकांनी याला खुर्ची दिली, गरम भोपळ्याची भजी आणि चॉकलेट दिलं, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. एलिसेओ मला म्हणाला की शहरातले लोक माणूसघाणे असतात हे साफ खोटं आहे. दुसऱ्या दिवशी तो आपणहून तिकडे गेला. चिमोभावजी मात्र तो दिसला की शिडीवर चढायचे.

समुद्र राहिला. अठराला आम्ही बसच्या थांब्यावर उभे होतो, माळवारोसाच्या किनाऱ्यावर जायला. बस गच्च भरून आली. एलिसेओ म्हणाला की समुद्र काही पळून जात नाही, पुढच्या वर्षी बघू. मी रात्री तुझ्या न्हाणीघरात नळ सोडून रडले. एवढ्या लांब, वाळूपासून बसने वीस मिनिटांवर आणून, मला त्याला तिथे नेता आलं नाही.

एकोणीसच्या रात्रीचं चिमोभावजींनी तुला सांगितलं असेल, पण ते ताटात बघत होते, म्हणून मी सांगते. गल्लीत टेबलं मांडून जेवण झालं. मंडळाचा अध्यक्ष उभा राहिला आणि म्हणाला की यंदाचा हा वरचा पुतळा जाळायच्या आधी उतरवून आपल्या पाहुण्याला भेट द्यावा असं सगळ्यांच्या मनात आहे. का, ते तो बोलणार एवढ्यात एलिसेओ उठला. आमच्या लग्नात पाद्रीबाबांनी कोपराने ढोसलं तेव्हा कुठे 'हो' म्हणालेला माणूस, दोनशे लोकांसमोर उठला. म्हणाला की आभारी आहे, पण उतरवू नका. तो बिचारा पुष्कळ बसला, त्याला आता जाऊ द्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पेटवलं. आधी टोपीतलं घरटं गेलं, मग जाळं, मग तोंड. पाटी बराच वेळ टिकली. एलिसेओने माझा हात धरला होता, ताई, चारचौघांत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला धग चांगली आहे. 

त्याला अजूनही तो सिप्रियानोच वाटतो. तसंच राहू दे. गाठ सुटली आहे. लोभ आता सरळ येऊ दे.

तुझी,
रेमेदिओस


व्हॅलेन्सिया, २ एप्रिल १९८४

चि. रेमेदिओस हिस,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. नळाचा आवाज मला ऐकू आला होता. मी उठून येऊ शकले नाही, आणि आले असते तरी काय बोलले असते? चिमोच्या पुतळ्याने त्याला आणलं नाही की थांबवलं नाही, तो आपला जसा आहे तसाच आहे, एवढंच मनाशी म्हणत पडून राहिले.

इकडे निराळंच नाटक चाललंय. आधी चिमो एलिसेओने ओळखेल म्हणून घाबरला होता. आता ओळखलं नाही म्हणून रुसलाय. चाळीस वर्षं मी माणसांची तोंडं घडवतोय, आणि ज्याचं घडवलं त्यालाच तो दुसरा कुणी वाटतो, असं म्हणत असतो. जेवण कमी झालंय. मी त्याला म्हटलं, कान नीट केला असतास तर ओळखलं असतं. तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही. घरात फार शांत आहे.

पुढच्या वर्षी म्हणत नाही मी. कधीही ये.

तुझी ताई,
विसेन्ता


वाल्देपिनो, ८ एप्रिल १९८४

प्रिय साडूभाऊ चिमो यांस,
नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. हे पहिलंच, तेव्हा चुका चालवून घ्या. विसेन्ताताईंचं पत्र रेमेदिओसने कणकेच्या डब्यामागे ठेवलं होतं. मी कणीक काढायला गेलो होतो. तुम्ही जेवत नाही असं त्यात वाचलं. जेवत जा.

पुतळा मी लांबूनच ओळखला होता, पहिल्याच दिवशी. सगळे म्हणतात कान चुकला. चुकलेला नाही. खेचराने तोडलेला कान डावा हे खरं, पण मी स्वतःला बघतो ते दाढीच्या आरशात. समोर तोंड करून उभा असलेला, आणि तुटका कान माझ्या डाव्या हाताला. तुमचा पुतळाही समोर तोंड करून बसला होता, आणि तुटका कान माझ्या डाव्या हाताला. रेमेदिओसला, पाउलिनोला, कुणालाही मी असा दिसत नाही. मला एकट्यालाच दिसतो. म्हणून तो माझाच, यात मला शंका उरली नाही. काम चोख आहे.

राग आला होता. तीन दिवस होता. पण रेमेदिओस मला तिथून नेताना कबुतरं आणि पायजमे दाखवत होती, तेव्हा मी काही बोललो नाही. माझी कुणी थट्टा करू नये म्हणून ती आकाशात बघण्यासारखं काहीतरी शोधत होती. मग अठराला बस गच्च आली आणि मी ते वाक्य बोललो. पाटीवरचंच. बोलल्यावर मला ते ऐकू आलं. रात्री नळही ऐकू आला. त्यानंतर तुमच्यावर राग राहिला नाही. म्हणून तो उतरवू नका म्हणालो.

मी शनिवारी तेरुएलच्या स्टेशनवर जाऊन बारा मेची दोन तिकिटं काढली. रेमेदिओसला माहीत नाही. मेंढ्या पाउलिनो बघेल, आणि कुठली व्यायली तर ती तिची तिला व्यायला येते. तुम्ही फक्त माळवारोसाची बस कुठून रिकामी सुटते तेवढं विचारून ठेवा. पहिल्या थांब्यावरून बसू.

हे तिला सांगू नका. मला तो सिप्रियानोच वाटला असंच तिला वाटू द्या. तिने फार मेहनत घेतली आहे. लोभ आहेच, तो कमी झाला असं वाटलं तर जेवून बघा.

बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. या वेळी स्टेशनवर तिच्यावर बसणार नाही, उभा राहीन.

आपला,
एलिसेओ