पाठमोरी रंगू

सिद्धगडाचा पायथा, ता. मुरबाड
२४ जून २०२४

चि. सारिका हिस,
तानीआत्याचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. पोस्टमनने ते दुमडलं नाय म्हणून त्याला चहा पाजला. मी पत्र लिहितेय म्हणून हसू नको. आमच्याकडे गोठ्यामागं उभं राहिल्याशिवाय फोनला रेंज नाय, आणि फोनवर तू नुसतं हो आत्या, हो आत्या करतेस आणि मंग आपलंच खरं करतेस. लिहिलेलं समोर पडून तरी राहील.

चित्रं बघितली. बरं ते आधी सांगते. आभाळ छान, बैलाचे डोळे आपल्या बैलासारखेच गरीब. ती छोटी रंगू पहिल्यांदा लावणीला येते ही गोष्टपण आवडली. आता बाकीचं. तुझ्या बाया पुढं चालत भात लावतात. बाराच्या बारा पानांत पुढं. अगो सारके, लावणीत माणूस मागं मागं सरकतं. पुढं चाललीस तर आत्ता लावलेलं रोप आपल्याच पायाखाली जाईल. शेजारच्या गोदूला चित्र दाखवलं तर हसून हसून तिला ठसका लागला. म्हणाली की ह्या बाया लावायला नाय, तुडवायला आल्यात.

आणि रंगूचे पाय एवढे स्वच्छ कसे? चिखलात उभी आहे का फरशीवर?

दोष तुझा नाय, तुझ्या बापाचा. रविंद्र आटगावला जाऊन कंपनीत चिकटला तो चिकटला, तुला त्यानं कधी चिखलात उतरवलं नाय. पाठचा भाऊ म्हणून त्याला मी सोडते. तुला सोडणार नाय.

कळावे. राग आला तर आधी भाकरी खा, मंग उत्तर लिही. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी आत्या,
तानी

---

आटगाव
१ जुलै २०२४

ती. तानीआत्यास,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

राग आला. दोन भाकऱ्या खाऊन लिहितेय.

बाया पुढे चालतात ते मी मुद्दाम काढलंय. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाचा एक नियम असतो. पुस्तकातलं माणूस उजवीकडे तोंड करून उजवीकडे चालतं. मग वाचणाऱ्या पोराचा हात आपोआप पुढचं पान उलटायला जातो. आम्हाला चित्रकलेच्या कोर्समध्ये पहिल्याच महिन्यात हे शिकवलं. गोदूमावशीला हसू दे, तिने कुठे पुस्तक काढलंय?

पण खरं सांगू का, तुझं पत्र वाचून बाराही पानं पुन्हा काढून बसले. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढतेय. एका सशाचा रंग अकरा वेळा बदलून दिला, आणि पुस्तक आलं तेव्हा माझं नाव शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढं. गोष्टही माझी आणि चित्रंही माझी असं ‘रंगू’ हे पहिलंच. मुंबईच्या संपादक माधुरीताईंनी ते एकदा परत पाठवलंय. पानं सुंदर आहेत पण पुस्तकात जीव नाही, असं म्हणाल्या. दसऱ्यानंतर त्यांची पुढच्या वर्षीची यादी ठरते. तोपर्यंत सुधारून दिलं तर त्या पुन्हा बघतील.

आणि यादीत आलं नाही, तर बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की दिवाळीनंतर हायवेवरच्या गोडाऊनमध्ये खोक्यांना बारकोड चिकटवायला जायचं. फॉर्म आणून फ्रीजला लावलाय, वरून हनुमानाचं मॅग्नेट. पाणी प्यायला गेलं की तो दिसतो. बाबा वाईट नाहीत गं, घाबरलेत. माझ्याबरोबरच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या आणि मी इथेच.

तू बोललीस तशीच बोलत राहा. माया कमी करू नकोस.

तुझी,
सारिका

---

सिद्धगडाचा पायथा
६ जुलै २०२४

चि. सारिका हिस, आशीर्वाद. वि. वि.

रडगाणं वाचलं. नियम शिकवणाऱ्याने कधी भात लावला होता का, ते त्याला विचारायला पाहिजे होतंस.

तेरा तारखेला मोठ्या खाचरात लावणी आहे. माणसं कमी आहेत. चार दिवस ये. जुनी साडी मी देईन, चित्राची वही आणू नको. आणलीस तर चुलीत घालीन. तुझ्या आतोबांना मी सांगून ठेवलंय की पोरगी पाहुणी नाय, मजूर म्हणून येते. बाकी भेटीत, वाकून.

तानीआत्या

---

आटगाव
२७ जुलै २०२४

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

परत येऊन दहा दिवस झाले तरी जिना उतरताना आईचं नाव घेतेय. बाबा बघून हसतात. काल त्यांनी न सांगता बाम आणून ठेवला.

तिसरा दिवस डोक्यातून जात नाही. प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे शेताचा आपल्या वाट्याचा पट्टा. माझ्या एका बाजूला गोदूमावशी, एका बाजूला तू. तुम्ही सरसर मागे गेलात आणि मी तिथेच. दोन्हीकडे हिरवं आणि मधे मी, चिखलात एकटी. त्याला तुम्ही कोंडणं म्हणता हे मला तेव्हा कळलं. सगळ्या हसत होत्या. गोदूमावशी लांबून विचारत होती की दुपारची भाकरी आता फेकून देऊ का. मला खरंच रडू येत होतं, पाऊस होता म्हणून कळलं नाही.

मग तू काय केलंस ते मी उशिरा पाहिलं. तू तुझी पात रुंद केलीस. माझ्या वाट्याची निम्मी रोपं तूच लावत गेलीस, एक शब्द न बोलता. माझा पट्टा अरुंद झाला आणि मी तुमच्यात येऊन पोचले. आभार मानायला गेले तर म्हणालीस की बडबड करू नको, हात चालव.

घरी आले आणि बाराही पानं फाडली. आता गोष्ट अशी, की रंगू कोंडते. आणि पहिल्या पानापासून ती पाठमोरी पुढच्या पानात शिरते. तोंड डावीकडे, पाय उजवीकडे. डावं पान हिरवं होत जातं, उजव्या पानावर नुसता चिखल. तिला मागचं दिसत नाही, पण पोरांना दिसतं. एका पानाच्या कडेला खेकडा बसवलाय, नांगी वर करून.

कच्ची प्रत सोबत पाठवतेय. चुका काढ.

तुझी कंबरमोडकी,
सारिका

---

सिद्धगडाचा पायथा
२५ ऑगस्ट २०२४

चि. सारिका हिस, आशीर्वाद. वि. वि.

प्रत बघितली. पोरगी ढुंगण आधी पुढच्या पानात घालते, हे मला फार पटलं. तुझे आतोबा कधी पुस्तकाला हात लावत नाय, त्यांनी दोनदा बघितलं. खेकड्याजवळ आले की म्हणतात की आता हिला चावतो बघ. दुसऱ्यांदा बघतानापण तेच म्हणाले.

चुका दोनच. रोपांची मूठ डाव्या हातात धरतात, तू सहाव्या पानावर उजव्यात दिलीस. आणि गोदूला एवढी जाड काढू नको, तिनं ओळखलं.

पाय आता बरोबर मळलेत.

माया आहे, लिहून दाखवायला वेळ नाय. बेणणी चालू आहे, भातातलं गवत उपटतोय.

तानी

---

आटगाव
१६ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. माधुरीताईंना गोष्ट आवडली, रंग आवडले, गोदूमावशीही आवडली. पण नायिका अख्ख्या पुस्तकात उलटी चालते हे त्यांना चालत नाही. त्यांचं म्हणणं, पोरं गोंधळतील, पान उलटणार नाहीत. रंगूला वळवा, पुढे बघू द्या, बाकी सगळं ठेवते म्हणाल्या.

मी दोन रात्री विचार केला. वळवते. हे पुस्तक गेलं तर दुसरं काढायला मी उरणार नाही, बारकोडच चिकटवत बसेन. आधी यादीत तर येऊ दे. बाबाही म्हणाले की मोठ्या माणसाचं ऐकावं. चार पानं वळवून झालीसुद्धा. बघवत नाहीत, पण झाली.

तू रागावशील म्हणून आधीच पाया पडते. कुणाला काही बोलू नकोस.

तुझी,
सारिका

---

सिद्धगडाचा पायथा, ता. मुरबाड
२१ सप्टेंबर २०२४

मा. माधुरीबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमी मला ओळखत नाय. मी सारिकाची आत्या. तिनं मला कच्ची प्रत पाठवली ते पाकीट तुमच्याकडचंच जुनं होतं, पत्ता त्यावरून घेतला. सारिकाला विचारलं नाय. विचारलं असतं तर नको म्हणाली असती.

मला चौथीच्या पावसाळ्यात लावणीला घेतलं ती मी परत शाळेत गेले नाय. तवा लिहिण्यात चूक असेल तर माझी. सांगण्यात चूक नाय.

तुमी म्हणता पोरीला पुढं चालू दे. एक काम करा. घरातल्या दहा वाट्या घ्या. कमरेत वाका आणि पुढं चालत एकेक वाटी जमिनीवर ठेवत जा, वीत वीत अंतरावर. पाचव्या वाटीला पाय लागला नाय तर माझं नाव बदला. मंग तेच मागं सरकत करा.

पोरं गोंधळतील म्हणता. आमच्या इथली पोरं नाय गोंधळत, ती रोज बघतात. तुमच्या शहरातली गोंधळली तर गोंधळू द्या, एकदा गोंधळतील आणि कळेल. आमी मागं मागं सरकून जेवढं लावलं तेवढंच तुमी पुढं बसून जेवता. ते पोरांना खोटं कशाला शिकवायचं?

आमची पोरगी सहा वर्षं दुसऱ्यांचे ससे रंगवत होती, जो रंग सांगाल तो. हे एक तिनं स्वतः वाकून काढलंय. तुमी जाणत्या आहात. पुस्तक नको असेल तर परत करा, पण रंगूला वळवू नका.

राग मानू नका, मानलात तरी तो माझ्यावर धरा, तिच्यावर नको. कधी इकडे आलात तर नवीन तांदळाची भाकरी खाऊन जा.

तानीबाई महिपत देसले

---

आटगाव
३० सप्टेंबर २०२४

आत्या,

नमस्कार. आज वि. वि. काही नाही.

माधुरीताईंचा फोन आला होता. तुमच्या आत्यांचं पत्र मिळालं म्हणाल्या, आणि त्यातल्या ओळी वाचून दाखवल्या. पुस्तक परत करा असं तू लिहिलंस? माझ्या वतीने? तुला कुणी सांगितलं होतं? मी वळवलेली चार पानं घेऊन बसले होते, अपमान गिळून बसले होते, आणि तू एका कागदावर सगळं उधळलंस. बघू, कळवते, एवढंच म्हणाल्या त्या. बघू म्हणजे काय ते मला सहा वर्षांत कळलंय.

बाबांनी फॉर्म भरून ठेवलाय. माझी सही तेवढी राहिलीय.

सारिका

---

मुंबई
३ ऑक्टोबर २०२४

श्रीमती तानीबाई देसले यांस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाट्या मांडल्या. पाचवीपर्यंत गेलेच नाही, तिसरीलाच पाय लागला. शिपाई महाराज अजून हसतायत.

पण खरं सांगायचं तर वाट्यांनी माझं मत बदललं नाही. पुस्तक वाट्यांसाठी नसतं, पोरांसाठी असतं. म्हणून सारिकाची पाठमोरी प्रत घेऊन एका शाळेत दुसरीच्या वर्गात गेले. मला वाटलं होतं पोरं पान उलटणार नाहीत. रंगू जशी मागे सरकायला लागली, तशी पोरं ओरडायला लागली की अगं मागे बघ, मागे खेकडा आहे. तिला दिसत नाही आणि आपल्याला दिसतं, याचा त्यांना केवढा माज आला होता! पान मी उलटायच्या आधी त्यांनीच ओढलं. कोपरा फाटलाय, सारिकाला सांगा.

वीस वर्षं मी तो नियम लोकांना सांगतेय. असो.

वळवलेली पानं मला नकोत. ‘रंगू’चं नाव यादीत घातलंय, पण पेन्सिलीने. शेवट अजून लागलेला नाही. शेवटच्या पानावर सूर्य मावळतो आणि रंगू हसते. असे सूर्य आमच्याकडे दर पुस्तकात मावळतात. तुम्ही इतकी वर्षं लावणी करता. मागचं दिसत नाही, तर काम संपलं हे तुम्हाला कळतं कसं? तेवढं सारिकाला सांगा. दसऱ्याच्या आत ते पान आलं तर नाव शाईने लिहीन. तिलाही मी असंच कळवतेय.

भाकरीचं आमंत्रण मी विसरणार नाही.

आपली,
माधुरी

---

सिद्धगडाचा पायथा
६ ऑक्टोबर २०२४

चि. सारिका हिस,
आशीर्वाद. तू वि. वि. घातलं नाय तरी मी घालते.

बाईंचं पत्र सोबत आहे. तुला त्यांचं मिळालं असेल. मी माफी मागणार नाय. तुझी पात मागं पडली होती, मी माझी जरा रुंद केली. बडबड करू नको, हात चालव.

आता त्यांनी विचारलंय ते. लावणीत सूर्य दिसतो कुठं, आभाळ भरलेलं असतं. मान खाली, डोळ्यासमोर आपले दोन हात आणि चिखल. किती झालं ते बघायला सवड नाय, किती उरलं ते दिसत नाय. कंबर म्हणते पुरे, तरी सरकायचं. मंग एकदम टाचेला बांध लागतो. मातीचा, टणक, वर गवत. बस, तेवढंच. कुणी सांगावं लागत नाय.

चौथ्या दिवशी तुझ्या टाचेला लागला तवा तू साप समजून किंचाळलीस, सगळं खाचर हसलं. मंग तू कंबर सरळ केलीस, मान वर केलीस आणि समोर बघितलंस. पार तिकडच्या कडेपर्यंत हिरवं, त्यात तुझीपण पात, वाकडीतिकडी. मी तुझ्याकडे बघत होते. एवढी बोलकी पोरगी तू, चिखलाच्या हातानं नुसती आपली पात दाखवत राहिलीस.

ते काढ. सूर्य नको, हसू नको. एक मळलेली टाच आणि बांध. बाकी सगळं पान हिरवं.

आणि रविंद्राला सांग, त्या फॉर्मवर तुझी सही घ्यायची घाई नको. हनुमानाला म्हणावं, धरून ठेव अजून थोडे दिवस.

माझ्यावरचा राग उरला असेल तर दिवाळीला घेऊन ये, इथं भांडू. पत्राचं उत्तर मागाहून, आधी पान.

तुझीच आत्या,
तानी