जिन्याच्या खोलीचं दार

दि. १२ मे

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझा पाय कसा आहे? प्लास्टर निघालं म्हणून लगेच हरणासारखी उड्या मारू नकोस. माझं अक्षर नेहमीसारखंच, सांभाळून घे.

इथे ऊन फार आहे. सळईला हात लावला तर कातडी चिकटून राहील की काय, असं वाटतं. बाकी आम्ही बरे आहोत.

दाजीही मजेत आहेत. म्हणजे बोलतात मजेत, फोनवर तू ऐकतेसच. तेव्हा ते मला शेजारी बसवून डोळ्यांनी दटावत असतात. तुला काही बोलायचं नाही, अशी तुझीच शपथ घातली आहे. चार दिवस पाळली. आता पोटात मावत नाही.

तुझ्या पायासाठी ते महिनाभर घरात राहिले ना, तिथून आले ते थेट बांधकामाच्या गच्चीवर चढले. जिन्याची खोली बांधायची होती आणि वर सावलीचा तुकडा नाही. पोरांनी चिडवलं, बायकोजवळ राहून गडी मऊ झाला. मग काय विचारतेस, ईर्ष्येने दुप्पट विटा लावल्या. पाण्यालाही थांबेनात. उन्हाची सवय महिनाभरात मोडते, ती हळूहळू परत लावावी लागते, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. नव्या माणसाला आम्ही जपतो गं. जुन्याला कोण जपतं?

दुपारी त्यांचा तोल जायला लागला. साइटवर त्यांना सगळे नकल्या म्हणतात. मुकादमाची लंगडी चाल ते अशी उचलतात की मुकादम स्वतः पोट धरून हसतो. सगळ्यांना वाटलं, तेच चाललंय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, पांघरूण दे."

गच्चीभर हशा. मीही हसलो, चिमे. वर म्हणालो, "झोप हो बाळा."

आणि ते बांधत राहिले. दाराची जागा सोडायची होती, तीच विटांनी बुजवत निघाले. भिंत कमरेला आली तेव्हा, आता पुरे करा ही थट्टा, असं सांगायला जवळ गेलो. हात धरला तर भट्टीतून काढलेली वीट. डोळ्यांत माझी ओळख नव्हती.

स्लॅबवर पाणी मुरवायला पसरलेली ओली गोणपाटं ओढून त्यांना गुंडाळलं, वरून पाइप सोडला. खाली न्यायचं तर वाटेत त्यांचीच भिंत. मुकादमाने लाथेने पाडली. मसाला ओला होता म्हणून बरं.

दवाखान्यात शुद्ध यायला दुसरा दिवस उजाडला. आता खोलीवर आहेत, जेवतात. काही आठवड्यांची विश्रांती सांगितली आहे, कारण एकदा असं झालेल्या माणसाला ऊन परत लवकर गाठतं. पण हे सोमवारी गच्चीवर चढायचं म्हणतात. मुकादम सावलीतलं काम देतोय, तर त्यात कमीपणा वाटतो. मला म्हणतात, "दादा, भिंत ओळंब्यात होती की नाही? मग मला काय झालंय?"

होती गं. एक थर वाकडा नव्हता. हात शहाणा राहिला आणि डोकं जागेवर नव्हतं, हे त्यांना पटत कसं नाही? त्यांना त्यातलं काही आठवतच नाही.

क्रेनवाला तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो, म्हणजे सोमवारच्या आत मिळेल. लगेच फोन कर. रागावू नकोस, रडू तर मुळीच नकोस, नाहीतर ते तुझीच समजूत काढत बसतील आणि मुद्दा राहील बाजूला. एवढंच विचार, गच्चीवर आईला पांघरूण मागितलंत, ती कोणाची नक्कल होती? त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली, ते त्यांना माहीत आहे. गप्प होतील. तेवढ्यात खाली राहायचं वचन घे.

कालपासून पुन्हा नकला सुरू झाल्यात. खोलीत सगळे हसतात. मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघतो, मग हसतो.

तुझी शपथ मोडलेला,
दादा