डाव्या हाताचा घास

१८ नोव्हेंबर २००८, वॉटफर्ड

स्ट्रोकमध्ये ह्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून जेवणावर रागच. डाव्या हाताने जेवणार नाहीत, चमच्यानेही नाही. मी भरवलेलं तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणतात, डिप्रेशन आहे, गोळ्या द्या. गोळी थुंकून टाकतात! मी करू तरी काय?

आज वरणभात कालवला आणि ह्यांच्यासमोर मुद्दाम डाव्या हाताने जेवायला बसले. अर्धा भात मांडीवर सांडला. म्हटलं, "अहो, बघा, मलाही जमत नाही. दोघं मिळून शिकू."

ह्यांनी आपल्या त्याच डाव्या हाताने माझा उजवा हात धरला आणि ताटात ठेवला.

"तू नीट जेव. माझ्यासाठी थांबू नकोस."

आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताट तसंच पडलंय. आता कुठल्या हाताने जेवू?