बिंबा बोलत नाही

१२ जुलै १९४२, लोणावळा

दादा आला! जपानी शिरल्यावर रंगूनहून निघालेला, जंगल तुडवत. मी ओळखलंच नाही — नुसती दाढी आणि हाडं. सोबत त्याची बिंबा, पाच वर्षांची. इंदिरावहिनी नाही. "वाटेत पटकीनं गेली," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. आईनं हंबरडा फोडला. पोर रडली नाही. बोललीही नाही.

२१ जुलै

अजून एक शब्द नाही! वहिनी पत्रात लिहायची, 'बिंबा झोपेतसुद्धा बडबडते.' तीच का ही?

तळेगावच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. "दोष काही नाही. धसका घेतलाय. मायेनं घ्या, घाई करू नका."

३ ऑगस्ट

दादाला देहूरोडच्या डेपोत कारकुनी मिळाली. तिकडेच राहील, रविवारी येईल.

दुपारी घाटाकडे सुरुंग उडाले. बिंबा दिसेना! शोधलं तर कॉटखाली — दोन्ही हातांनी तोंड दाबून. कान नव्हे, तोंड. ये म्हटलं तर येईना. मग मीच आत शिरले. पडून राहिले तिच्याशेजारी, फरशीवर. बऱ्याच वेळानं तिनं माझं बोट धरलं.

२२ ऑगस्ट

शाळेत बालवर्गाला शिकवते ते सगळं करून झालं. कापूस फुंकायचा. शिट्टी. चिखलाचे बैल. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून मी गुणगुणते, मग माझा हात तिच्या गळ्यावर. आज तिथं थरथर लागली! आवाज नाही — नुसती थरथर. मला रडूच आलं. कामाची झुंबरबाई म्हणते, "रडताय कशापायी, बाई? बोलंल की आता पोरगी."

२३ ऑगस्ट

दादा येऊन गेला. तो असेपर्यंत बिंबा पुन्हा दगड! मी कालचं सांगितलं, तर ताटावरून उठला. "शिकवू नकोस तिला. गप्प आहे, बरी आहे." असं बोलतो बाप? भांडले मी. तसाच स्टेशनावर गेला.

७ सप्टेंबर

आज काही नाही.

१५ सप्टेंबर

बोलली!! परसात, झुंबरबाईच्या करडाला — "ये... ये." कुजबुजच, पण शब्द! मी दाराआड, श्वास रोखून.

२९ सप्टेंबर

पाणी. ऊन. करडू. आणि आज — आत्या! मला! पण सगळं कुजबुजत. मोठा आवाज म्हणून नाहीच.

३ ऑक्टोबर

"मोठ्यानं बोल ना गं," म्हटलं.

"नको. आई ऐकेल."

जवळ घेतलं तिला. सांगितलं, आई देवाघरी गेली, राणी.

तिनं मान हलवली. "नाही. झाडाखाली बसली होती. तिला उठता येत नव्हतं. आम्ही चाललो तर मागून हाका मारत होती. बाबा म्हणाले, ओ देऊ नको."

उद्या रविवार.